डिस्लेक्सिया: शिक्षक आणि पालकांचं ट्रेनिंग आपल्याच शाळेत कसं घ्यायचं, चार शनिवारांचा प्लॅन

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या केंद्रातल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी डिस्लेक्सियावर, म्हणजे बुद्धी चांगली असूनही मुलाला वाचणं-लिहिणं जड जातं त्यावर, छोटंसं ट्रेनिंग घेते. दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच की आमच्या शाळेत हे सुरू करायचं तर कुठून करायचं, मग मी फोनवर तेच तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढूया. यासाठी तुम्ही तज्ज्ञ असायची गरज नाही. एक वर्ग, बारा-पंधरा माणसं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचे दीड-दोन तास एवढं पुरतं.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट सांगते, बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. सर्टिफिकेटची वाट बघत थांबू नका. अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातच येतो) सर्टिफिकेट मुलाला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, म्हणजे मूल तेव्हा तिसरीत असतं, आणि पहिली-दुसरीची जी दोन वर्षं सगळ्यात कामाची असतात ती "अजून लहान आहे, येईल हळूहळू" म्हणण्यात निघून जातात. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे ना, त्यात अध्ययन अक्षमता धरून दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्याच्या कलम १६ मध्ये सरळ म्हटलंय की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखायची आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करायचे ही शिक्षणसंस्थेचीच जबाबदारी आहे. आधी कागद आणा मग शिकवू, असं त्यात कुठेही नाही.

तयारी

पालक आणि शिक्षक एकाच खोलीत बसवा, वेगवेगळे नको. वेगळे बसवले की शिक्षक म्हणतात घरी लक्ष देत नाहीत आणि पालक म्हणतात शाळेत शिकवत नाहीत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे घरी जातात. निरोपात "डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या पालकांची सभा" असं लिहू नका, कुणी येणार नाही. "मुलांचं वाचन सुधारण्यासाठी" एवढंच लिहा. वडिलांना वेगळा फोन करा. आजीलाही बोलवा, कारण कितीतरी घरांत संध्याकाळी दप्तर उघडून बसणारी आजीच असते.

सामान म्हणाल तर स्टीलची चार-पाच ताटं, अर्धा-एक किलो रवा, कार्डं कापायला जुन्या कॅलेंडरची पानं, स्केच पेन आणि बाटल्यांची झाकणं. आणि मोडी लिपीतल्या एका पानाची झेरॉक्स, नेटवर सहज मिळते.

पहिला शनिवार: मोडीचा कागद

आल्या आल्या भाषण देऊ नका. चहा झाला की मोडीचा कागद प्रत्येकाच्या हातात द्या आणि कुणातरी एकाला उभं करा, शक्यतो शिक्षकाला, आणि म्हणा, "वाचा मोठ्याने. चला लवकर, सगळे थांबलेत." मोडी आपलीच लिपी, भाषा मराठीच, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारात होती, तरी आज आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एक ओळ धड लागत नाही. एका ट्रेनिंगला एक सर उभे राहिले, कागद लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला, मग शेजारच्या बाईंकडे सरकवत म्हणाले, "मी आज चष्मा नाही आणला." चष्मा त्यांच्या खिशातच होता, मला दिसत होता. मी त्यांना काही बोलले नाही, फक्त सगळ्यांना विचारलं की आपल्या वर्गात वाचायची पाळी आली की कोणाचं पोट दुखतं, कोणाला तेव्हाच पाणी प्यायला जायचं असतं. मागच्या बाकावर बसलेली एक आई तिथेच रडायला लागली.

एक मात्र सांभाळा. या खेळातून फसगत आणि लाज कळते, डिस्लेक्सिया म्हणजे नेमकं काय होतं ते कळत नाही. म्हणून लगेच नंतर साध्या भाषेत सांगा. बोललेल्या शब्दाचे सुटे आवाज ओळखणं आणि त्या आवाजाची अक्षराशी जोडी लावणं, हे काम या मुलांच्या मेंदूला जड जातं, जन्मापासूनच. बुद्धी कमी नसते. डोळ्यांचा दोष नसतो, आळस नसतो, आईने गरोदरपणात काही केलं किंवा केलं नाही म्हणून झालेलं नसतं. आणि बऱ्याचदा हे घराण्यात चालत येतं. हे वाक्य म्हटलं की जरा थांबा, कारण नेमकं इथेच कुणीतरी वडील हळूच म्हणतात, "मॅडम, मला पण असंच व्हायचं, मी म्हणून तर सातवीत शाळा सोडली." त्या माणसाला बोलू द्या. त्यानंतर तुम्ही जे सांगाल ते तो मनापासून ऐकतो.

दुसरा शनिवार: निरखायचं कसं

पहिल्या शनिवारी घरी जाताना प्रत्येकाला एक वही द्यायची, त्यात आपल्या मुलाचं, किंवा वर्गातल्या दोन-तीन मुलांचं, दिसेल ते लिहून आणायचं. "अभ्यासात कच्चा आहे" असं नको, नेमकं लिहा. कुठलं अक्षर चुकलं, कुठली मात्रा सुटली, किती वेळ लागला.

काय बघायचं? अगदी बालवाडीत असताना बोलायला उशीर, बडबडगीतात यमक न लागणं, "चप्पल"चं "पच्चल" खूप दिवस चालू राहणं. भेंड्या खेळताना शेवटचं अक्षर पकडायला न जमणं, ही तर फार चांगली खूण आहे, आणि त्यासाठी कुठली टेस्ट लागत नाही, सहलीच्या बसमध्येसुद्धा कळतं. पहिली-दुसरीत अक्षरं आज येतात, उद्या पाटी कोरी. घ-ध, भ-म, ट-ठ-ढ यांची अदलाबदल. ओळ वाचताना पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने मारणं, "पाखरू" असेल तिथे "पाणी". फळ्यावरचं उतरवताना दर अक्षराला मान वर. पण तोंडी विचारा, गोष्ट सांगायला लावा, बाजारहाटीचा हिशेब विचारा, तर पठ्ठ्या वर्गात सगळ्यांच्या पुढे.

हे तोंडी आणि लेखी यातलं अंतर मोजायची एक सोपी रीत आहे. एक इयत्ता खालच्या पुस्तकातला पाच-सहा ओळींचा उतारा घ्या, बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. मुलाला एकट्याला बोलवा, वर्गासमोर नाही, आणि वाचताना मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग तसाच दुसरा उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. ऐकलेलं सगळं कळलंय आणि वाचलेलं हाताला लागत नाहीये, तर ती शंकेची जागा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. अक्षरं उलटी काढणं सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांचं होतं, तेवढ्यावरून काही ठरवू नका. आणि डोळे-कान आधी तपासून घ्या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते तेव्हा या मुलांची नावं त्यांच्या हातात द्या, नुसतं वजन-उंची करून पाठवू नका.

शिक्षकांसाठी तयार चाळणी चाचण्या पण आहेत. हरयाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाचा संच केलाय, तो मराठीतही आहे, त्यात पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी चाळणी आहे आणि ती वर्गशिक्षकच भरू शकतात. एनसीईआरटीची प्रशस्त ही यादी ॲपवर आहे, ती सगळ्या प्रकारच्या अडचणींसाठी आहे. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. वहीत "शंका" असाच शब्द लिहा. शिक्षकाने मुलाला किंवा पालकाला "याला डिस्लेक्सिया आहे" असं सांगायचं नाही, ते काम मानसशास्त्रज्ञांचं.

तिसरा शनिवार: शिकवायचं कसं

या शनिवारी बोलणं कमी आणि करणं जास्त, प्रत्येकाने ताटाशी बसायचंच, मुख्याध्यापकांनी पण.

सुरुवात कानापासून. पाटी-पुस्तक बंद. "कमळ" म्हणा आणि अक्षरागणिक टाळी: क, म, ळ. "यातला क काढला तर काय उरलं?" मळ. "पाटीतला पा काढ, वा ठेव." वाटी. "आता दा ठेव." दाटी. भाजी निवडता निवडता, गाडीवर मागे बसवून, कुठेही होतं. आजींना हे लगेच जमतं, त्या उखाण्यांतून आणि कोड्यांतून हेच करत आलेल्या असतात. ज्या मुलाच्या कानाला आवाज सुटे करता येत नाहीत त्याला नुसतं अक्षर दाखवून काही होत नाही, म्हणून हा भाग गाळू नका. बहुतेक शिक्षक नेमका हाच गाळतात कारण हा अभ्यास वाटत नाही.

मग ताट. रव्याचा पातळ थर, त्यावर मुलाचं बोट. मी कशी घेते ते सांगते. मागच्या वर्षी तिसरीतला एक मुलगा होता, घ आणि ध दोन्ही त्याला एकच वाटायचे. मी घ चं कार्ड ठेवलं आणि विचारलं, "हा काय म्हणतो?" तो गप्प. मी म्हटलं, "घ. घराचा घ. आता तोंडाने म्हणत म्हणत काढ." त्याने रव्यात काढला, छोटासा, घाबरत. "मोठा काढ, ताटभर." दुसऱ्यांदा खांद्यापासून हात फिरला. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग मी त्याच्या पाठीवर बोटाने तीन अक्षरं काढली आणि त्यातला घ कुठला ते ओळखायला लावलं, ते त्याने पहिल्या झटक्यात ओळखलं आणि वळून माझ्याकडे असा बघितला की जणू मीच काहीतरी जादू केली. त्या दिवशी एवढंच. ध ला आम्ही तीन आठवडे हातच लावला नाही.

सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवायची नाहीत, हा नियम पक्का. एक पूर्ण मुरलं की मगच दुसरं, आणि तेव्हा फरक दाखवून: घ आणि म यांच्या डोक्यावर सरळ रेघ, ध आणि भ यांची रेघ तुटलेली आणि डावीकडे गाठ. डोळ्यांनी बघून, कानाने ऐकून, तोंडाने म्हणून आणि हाताने काढून, सगळं एकाच वेळी, या पद्धतीला परदेशात ऑर्टन-गिलिंगहॅम म्हणतात, सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम या दोघांच्या नावावरून. पालक याला परदेशी खूळ म्हणू लागले तर त्यांना धुळाक्षरं आठवून द्या. आपल्याकडे धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवतच पिढ्या शिकल्या.

क्रम कसा ठेवायचा यावर दर वेळी वाद होतो. क ख ग घ च्या ओळीने जाऊ नका. दिसायला आणि ऐकायला लांब असलेली चार-पाच अक्षरं घ्या, उदाहरणार्थ क, म, ल, न, र, त्यात काना घातला की लगेच शब्द होतात, काका, मामा, नाक, कान, माल, आणि मूल पहिल्याच आठवड्यात "मी वाचलं" म्हणतं. बाराखडी एका दमात पाठ करून घेऊ नका, पाठ येते आणि वाचता येत नाही अशी मुलं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. मात्रा एकेक. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, हे त्या मुलांना फार गोंधळात टाकतं. जोडाक्षरांत र चा तर स्वतंत्र धडाच करा: सूर्य, चक्र, राष्ट्र, बऱ्याच, एकच र चार वेषांत येतो. सूर्यमध्ये तर र आधी ऐकू येतो आणि दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर! हे एकेक रूप आठवडा-आठवडा घेऊन करायचं काम आहे.

रोज वीस मिनिटं. जास्त नाही. कानाचा खेळ तीन-चार मिनिटं, जुनी कार्डं पाच, नवं अक्षर ताटात पाच, मग शिकलेल्याच अक्षरांचे शब्द आणि एखादं वाक्य वाचायचं, आणि शेवटी तुम्ही गोष्ट वाचून दाखवायची, त्याने नुसती ऐकायची. ही शेवटची गोष्ट बक्षीस म्हणून नाही. वाचता येत नाही म्हणून मुलाचा शब्दसाठा मागे पडू नये यासाठी ती आहे, त्यामुळे मूल त्या दिवशी चुकलं तरी गोष्ट व्हायलाच हवी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात. आठवड्यातून पाच दिवस केलं तर पुष्कळ, रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही.

इंग्लिश मीडियमचे पालक विचारतात की मराठी वाचता येतं, मग इंग्लिशमध्येच का अडतो. मराठीत अक्षर आणि आवाज बऱ्यापैकी एकास एक आहेत, म्हणून डिस्लेक्सिया असलेलं मूल मराठी चुकत कमी आणि अडखळत जास्त वाचतं. इंग्लिशमध्ये एकाच आवाजाला दहा स्पेलिंग, तिथे ते उघडं पडतं. पद्धत तीच, बी आणि डी वेगवेगळ्या महिन्यांत.

चौथा शनिवार: वर्ग, घर आणि कागद

वर्गातले बदल फुकट आहेत, फक्त सवय मोडायची आहे. अचानक उभं करून वाचायला लावू नका, वाचून घ्यायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी घरी द्या. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याऐवजी फोटो किंवा झेरॉक्स द्या. विज्ञानाच्या पेपरात विज्ञानाचे मार्क द्या, ऱ्हस्व-दीर्घाचे कापू नका. जाड कागदाला ओळीएवढी खिडकी कापून द्या, एका वेळी एकच ओळ दिसली की खूप मुलं शांत होतात. एखादा शब्द पन्नास वेळा लिहायची शिक्षा कायमची बंद. नोकरीच्या सुरुवातीला मीही एका मुलाला हीच शिक्षा द्यायचे, तो पन्नास वेळा लिहून आणायचा आणि त्यातल्या पंचवीस वेळा वेगवेगळ्या चुका असायच्या, आणि मी त्याला आळशी म्हणायचे. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मारणं आणि मानसिक त्रास देणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंद केलंय.

घरी सगळ्यात आधी मुलाला खरं सांगा, की तू ढ नाहीस, तुझं डोकं अक्षरं वेगळ्या रीतीने शिकतं, आपण ती रीत शोधतोय. भावंडांशी तुलना बंद. ट्यूशनवर ट्यूशन लावून संध्याकाळ संपवू नका, त्याला जे येतं, तबला म्हणा, कबड्डी म्हणा, पप्पांबरोबर मोटर उघडून बघणं म्हणा, ते अभ्यासाच्या नावाखाली काढून घेऊ नका. आणि "दोन महिन्यांत डिस्लेक्सिया पूर्ण बरा" अशा जाहिराती, रंगीत चष्मे, स्मरणशक्तीची टॉनिकं यांवर एक रुपया घालवू नका, त्यांनी वाचन सुधारतं याला पुरावा नाही. पैसे खर्च करायचेच तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकावर करा, आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

आता कागद, म्हणजे सर्टिफिकेट. शिकवणं सुरू ठेवूनच हे करायचं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, पहिल्यांदा त्यांना भेटा आणि तुमच्या निरीक्षणाची वही दाखवा. पुढे दिव्यांग सर्टिफिकेटसाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी, आधी बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक चाचणी, मग बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाने वाचन-लेखन-गणित. मुंबईत सायन, नायर, केईएम इथे हे होतं, जिल्ह्यात सिव्हिलमध्ये चौकशी करा. दोन-तीन फेऱ्या होतात, नोकरदार पालकांनी रजेचा हिशेब आधीच धरा. प्रगतिपुस्तकं, वह्यांच्या झेरॉक्स आणि शाळेचं पत्र बरोबर न्या. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पुन्हा तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी सांगितली होती, तेव्हा तुमच्या सर्टिफिकेटवरची मुदत बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्तीचा वेळ, लेखनिक, आणि दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सोप्या पातळीचं अंकगणित अशा सोयी आहेत, त्यासाठी शाळेने विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा असतो. प्रस्ताव नववीतच तयार ठेवा. गणित सोडायचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका, पुढे सायन्सला किंवा डिप्लोमाला जायचं असेल तर ती वाट अडू शकते, आणि कितीतरी मुलांना वाचनात अडचण असते पण गणित उत्तम येतं. लेखनिक मिळणार असेल तर सांगून लिहून घ्यायचा सराव सहा महिने आधी सुरू करा, ते पण शिकावं लागतं.

चार शनिवार झाले की दर महिन्याला एकदा भेटा आणि सुरुवातीचं रेकॉर्डिंग पुन्हा लावा, त्याच पातळीचा नवा उतारा वाचून घ्या आणि दोन्ही एकामागून एक ऐका. तीन महिन्यांनी काहीच फरक ऐकू येत नसेल तर मुलाला दोष देऊ नका, अक्षरं फार भरभर पुढे नेलीत का ते बघा, विशेष शिक्षकांना बोलवा. आणि पुढची बॅच सुरू करताना रव्याचं ताट पहिल्या बॅचमधल्या एखाद्या आईच्या हातात द्या. आमच्याकडे आता तिसरा शनिवार मी घेतच नाही, मोडीच्या कागदापाशी रडलेली ती आई घेते, आणि तिच्यासमोर शिक्षकसुद्धा मुकाट्याने डोळे मिटून घ काढतात.